हलगी एक, आवाज अनेक

आधी एक काम करा. बसल्या जागी एक टाळी वाजवा. वाजवलीत? आता उठा आणि न्हाणीघरात जाऊन तशीच टाळी वाजवा. मग घरात गाद्या-गोधड्यांची थप्पी असेल तिच्यापाशी जा आणि तिथं वाजवा. शेवटी पटांगणात, अगदी मधोमध उभं राहून. हात तेच, टाळी तीच. पण न्हाणीघरात ती कशी खणखणीत लांबली, गोधड्यांपाशी गुदमरली आणि पटांगणात तर वाजली न वाजली तोच संपली!

असं का झालं, हे समजून घेऊ. टाळीचा आवाज कानापर्यंत सरळ येतो, तसाच तो भिंतीकडेही धावतो आणि आपटून परत येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर पळतो. भिंत १७ मीटरपेक्षा लांब असेल, तर जाऊन यायला त्याला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो आणि मग परत आलेला आवाज आपल्याला वेगळा ऐकू येतो. तो प्रतिध्वनी. पण न्हाणीघराच्या भिंती हातभर अंतरावर. तिथं आवाज इतक्या वेळा आणि इतक्या भरभर परत येतो, की सुटा काही ऐकू येत नाही. सगळे आवाज एकमेकांत मिसळून एक लांब शेपूट तयार होतं. त्याला म्हणायचं निनाद. भजनी मंडळातले बुवा माइकवाल्याला "जरा इको सोड की" म्हणतात ना, तेव्हा त्यांना खरं म्हणजे हे शेपूट हवं असतं.

आमच्या नृसिंहवाडीत याची मजा घाटावर कळते. कृष्णा आणि पंचगंगा इथं भेटतात, समोर पलीकडच्या तीरावर औरवाड. पहाटे वर्दळ नसताना घाटाच्या दगडी पायऱ्यांवर कुणी ताशाची एक टिपरी मारली, तरी ती पायऱ्यापायऱ्यांवरून परत येते. तीच टिपरी दुपारी यात्रेच्या गर्दीत मारा. माणसांचे कपडे, पिशव्या, अंगं सगळा आवाज पिऊन टाकतात!

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या शाळेत लेझीम पथक आहे. सातवीतला एक मुलगा त्यात हलगी वाजवतो. हात असा स्वच्छ, की एकेक ठोका मोजून घ्यावा. एकदा मित्रांनी त्याचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि लगेच त्याला ऐकवलं. शेजारी दुसऱ्या फोनवर सिनेमातलं हलगीचं गाणं लावलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून पोरगं पथकातून गायब. विचारलं तर म्हणतो, "सर, माझी हलगी डब्यागत वाजतीया. मला काय जमत न्हाई."

फोनमध्ये ती खरोखरच डब्यासारखी ऐकू येत होती, यात शंका नाही. पण दोष हाताचा होता का? फोनचा माइक केलेला असतो माणसाच्या बोलण्यासाठी. आवाज एकदम मोठा आला की फोन आपोआप तो दाबतो, सतत चाललेला गलका तो गोंगाट समजून पुसू पाहतो. हलगी म्हणजे तर कडकडाट! बिचारा फोन प्रत्येक ठोक्याला घाबरून आवाज खाली ओढत होता. शिवाय मित्रांनी फोन धरला होता हलगीपासून वीतभर अंतरावर. आणि सिनेमातल्या त्या गाण्यात हलगी नुसती हलगी नव्हतीच. तिच्यावर कितीतरी संस्कार झालेले होते. जेवणाच्या ताटातली भाजी आणि मंडईतली भाजी शेजारी ठेवून मंडईतलीला नावं ठेवावीत, तसला हा प्रकार.

मग आम्ही वर्गात एक खेळ केला. तोच मुलगा, तीच हलगी, तोच बोल. फोन मात्र दहा पावलं लांब. आधी वर्गात वाजवली, मग व्हरांड्यात, मग झाडाखाली, मग जिन्याखालच्या कोपऱ्यात आणि शेवटी घाटावर. दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलांना डोळे मिटून ऐकायला लावलं आणि विचारलं, कुठली कुठं वाजवली ते सांगा. जिना आणि घाट जवळजवळ सगळ्यांनी ओळखला. दोघा-तिघांनी तर पैज लावली, की घाटावरची हलगी दुसरीच आहे, मोठी आहे! हलगीवाला गालातल्या गालात हसत होता.

तर मंडळी, चामड्याच्या वाद्याच्या आवाजावर असे संस्कार करणं, त्याला 'इफेक्ट' देणं, हे काही स्टुडिओवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडे ते वीज येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. कागद, पाचट पेटवायचं आणि हलगी त्यावर फिरवायची. चामड्यातला ओलावा जातो, ते ताणतं आणि आवाज चढतो. कुस्तीच्या फडात हलगी, घुमकं आणि कैताळ वाजायला लागलं की पैलवानाच्याच काय, बघणाऱ्याच्याही अंगात येतं, त्यामागे हा जाळ असतो. पावसाळ्यात आमच्याकडे नदी देवळात येते. पाणी एका दारानं शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार म्हणतात. त्या दिवसांत हवा इतकी ओली असते, की तबल्याचा डग्गा सकाळी लावला तर दुपारी उतरलेला. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी तर पुरानं माणसांनाच घरं सोडायला लावली, वाद्यांची काय कथा!

पखवाजाची गोष्ट तर आणखी गमतीची. त्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे धुम्याला, वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक लावतात. हो, पोळीची कणीक! कणकेच्या वजनानं चामडं जड होतं, सावकाश थरथरतं आणि आवाज खर्जात उतरतो. थोडी काढली की आवाज चढतो, थोडी वाढवली की उतरतो. वाजवून झालं की खरवडून टाकायची. स्टुडिओत आज जे बटण फिरवून करतात, ते आपला पखवाजी चिमूटभर कणकेनं करतो. मला तर वाटतं, जगातला हा सगळ्यात स्वस्त इफेक्ट असेल.

तबल्यावर मात्र कणीक नसते, कायमची शाई असते. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचं मिश्रण थरावर थर देऊन लावतात आणि दगडानं घोटतात. नुसतं शोभेसाठी नाही बरं का! सतारीची तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनंही उठतात आणि ती सगळी एकमेकांशी जुळतात. म्हणून तारेचा आवाज सुरेल. साध्या ताणलेल्या चामड्याचं तसं नसतं. त्यातलं पुढचं कंपन मूळच्या सुमारे १.५९ पट, त्यापुढचं २.१४ पट, असा सगळा आडमुठा हिशेब. म्हणून साधा ढोल 'ढब्ब' वाजतो, त्याचा सूर सांगता येत नाही. शाई चामड्याच्या मध्यभागी नेमकं वजन घालते आणि ही आडमुठी कंपनं पूर्णपटीच्या जवळ आणते. हे कुणी शोधलं माहीत आहे? सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी! १९३० साली नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या कामाला. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९२० साली, त्यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 'नेचर' या इंग्लंडमधल्या नियतकालिकात आपल्या तालवाद्यांवर लेख लिहिला होता. पुढं १९३४ साली पुन्हा त्याच विषयावर त्यांनी सविस्तर निबंध लिहिला. शाई लावणाऱ्या कारागिरांनी मात्र कुठलाही निबंध न वाचता, केवळ कानानं हे साधलं होतं. आमच्या जवळच्या मिरजेत सतार-तंबोरे करणारे कारागीर आजही असंच कानानं काम करतात.

वाद्यावर संस्कार झाले; आता जागेवर. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाला एक अडचण आली. नवं व्याख्यानगृह बांधलं, पण आत बोललेलं काही कळेना. एक शब्द उच्चारला की त्याचं शेपूट साडेपाच सेकंद रेंगाळायचं. तोवर पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन त्यावर आदळायचे. हे निस्तरायचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्यानं काय केलं? रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर! अशा कितीतरी रात्री. त्यातून निनाद मोजायचं गणित तयार झालं आणि ते आजही वापरतात. तुम्ही मघाशी गोधड्यांपाशी टाळी वाजवलीत ना, तो सबाइनसाहेबांचाच प्रयोग.

पुढं रेकॉर्डिंग सुरू झालं तसा उलटा प्रश्न आला. स्टुडिओत भिंतींना कापड, खाली गालिचे. आवाज स्वच्छ, पण कोरडा ठणठणीत. आता शेपूट आणायचं कुठून? मग काहींनी एक रिकामी, गुळगुळीत भिंतींची खोलीच बाजूला ठेवली. एका कोपऱ्यात कर्णा लावून त्यातून गाणं वाजवायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात माइक ठेवून घुमलेला आवाज परत घ्यायचा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत अशी खोली होती. ज्यांच्याकडे खोलीला जागा नाही, त्यांच्यासाठी १९५७ साली एका जर्मन कंपनीनं तोड काढली. सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा पोलादी पत्रा एका पेटीत स्प्रिंगांनी टांगायचा. आवाजानं पत्रा थरथरतो आणि ती थरथर टिपली की झाला निनाद! त्या पेटीचं वजन अडीचशे किलोच्या वर. आज तेच काम फोनमधलं एक फुकटचं ॲप करतं.

काहींना मात्र खरीच जागा हवी असायची. इंग्लंडमध्ये हेडली ग्रेंज नावाचं एक जुनं घर आहे, एके काळी निराधार लोकांना ठेवण्यासाठी वापरलेलं. लेड झेपलिन या वाद्यवृंदानं तिथं आपल्या ड्रमवाल्याला, जॉन बॉनमला, जिन्याच्या तळाशी बसवलं आणि माइक टांगले वर, जिन्याच्या मजल्यावर. १९७१ साली ते गाणं बाहेर आलं आणि ड्रमचा तो आवाज लोक अजून ऐकतात. म्हणजे आमच्या हलगीवाल्यानं शाळेच्या जिन्याखाली केलं तेच की!

याच्या अगदी उलट वेडही होतं. १९६६ साली बीटल्सच्या गाण्यांसाठी जेफ एमरिक नावाच्या विशीतल्या पोरानं पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक अगदी जवळ नेला. घुमणं गेलं, ठोका नेमका आला. पुढं रिंगो स्टार ड्रमवर भांडी पुसायची फडकी टाकून वाजवायचा. शेकणं, कणीक, स्वेटर, फडकी. हाताशी असेल ते!

आता दोन यंत्रं समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. पहिलं कॉम्प्रेसर. प्रार्थनेच्या वेळी बाई काय करतात? जो बेंबीच्या देठापासून ओरडतो त्याला हळू म्हणायला सांगतात आणि जो पुटपुटतो त्याला मोठ्यानं. कॉम्प्रेसर तेच करतो: मोठा आवाज दाबतो आणि मग सगळंच थोडं वर उचलतो. ड्रमवर लावला की ठोका दबतो आणि मागचं शेपूट फुगून पुढं येतं. दुसरं यंत्र गेट. गेट म्हणजे दार. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर असेल तोवर उघडं, खाली आला की धाडकन बंद. (तिसरं एक इक्वलायझर. जाड आणि बारीक आवाज कमी-जास्त करायच्या खुंट्या, तुमच्या घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर त्या असतील. त्याबद्दल जास्त सांगत नाही, स्वतः सरकवून बघा.)

लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएल या गायकाच्या गाण्यांचं काम चालू होतं. ड्रमवर फिल कॉलिन्स. काचेपलीकडच्या तंत्रज्ञांना वादकांचं बोलणं ऐकू यावं म्हणून खोलीत वर एक माइक टांगलेला होता. कुणी कोपऱ्यातून पुटपुटलं तरी कळावं, म्हणून त्याला जबरदस्त कॉम्प्रेसर लावलेला. तो माइक काही रेकॉर्डिंगसाठी नव्हता. फिलनं सहज ड्रमवर हात चालवला, तेव्हा ह्यू पॅजम या तंत्रज्ञाचं त्या माइकचं बटण चालू होतं आणि आत जणू वीज कोसळली! सगळे थक्क. त्यांनी लगेच त्या माइकची जोडणी बदलून घेतली आणि त्यावर गेटही लावलं. आता गंमत बघा: ठोका पडला की प्रचंड देवळात वाजल्यासारखा घुमतो, पण घुमत असतानाच दार धाडकन बंद. घुमणं आणि एकदम शांतता! निसर्गात अशी जागा कुठंच नाही. गॅब्रिएलची ध्वनिमुद्रिका १९८० साली आली आणि १९८१ साली फिलनं स्वतःच्या 'इन द एअर टुनाइट' या गाण्यात तोच आवाज वापरला. पुढची दहा वर्षं जिकडेतिकडे तसेच ड्रम. मला विचाराल तर त्याचा पुढं अतिरेक झाला. बासुंदीत साखर हवी, पण प्रत्येक पदार्थात बासुंदी ओतायची का?

अतिरेकावरून आठवलं. आमच्या भागात मिरवणुकीतल्या कर्ण्यांच्या भिंतीला लोक 'डॉल्बी' म्हणतात. पण रे डॉल्बी या माणसानं १९६५ साली जी कंपनी काढली, तिचं पहिलं यंत्र होतं टेपमधली नको असलेली खरखर कमी करायचं! ज्यानं गोंगाट कमी केला, त्याचंच नाव खिडक्यांच्या काचा हादरवणाऱ्या भिंतीला. त्या भिंतीसमोर उभं राहू नका हं. कानातले नाजूक केसासारखे पेशीतंतू एकदा गेले की परत येत नाहीत, आणि ज्याला पुढं वाजवायचंय त्याला कान जपायलाच हवेत.

आपली माणसंही या उद्योगात मागं नाहीत. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू जगभर तालवाद्यं वाजवतात. त्यांच्या वाद्यांत एक पाण्यानं भरलेली बादली असते! वाजती झांज ते पाण्यात बुडवतात आणि तिचा सूर वाकतो. घरी करून पाहा. स्टीलचं ताट वाजवा आणि हळूहळू बादलीत उतरवा. आणि कर्ष काळे. १९७४ साली इंग्लंडमध्ये मराठी घरात जन्म, लहानपण गेलं अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ. तबला शिकला बराचसा आपला आपण. तिकडे ड्रम आणि गिटारच्या गदारोळात तबल्याचा आवाज टिकेना. म्हणून त्यानं गिटारवाले वापरतात तसे इफेक्ट तबल्याला लावले आणि त्याला इलेक्ट्रिक तबला म्हटलं. २००० साली झाकीर हुसेन आणि बिल लॅस्वेल यांच्या 'तबला बीट सायन्स'मध्ये कर्षही होता आणि त्रिलोक गुर्टूही. जुन्या मताचे काही लोक म्हणतात, हा तबलाच नव्हे. तुम्ही ऐका आणि आपलं मत बनवा. माझं मत सांगू? डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घुमारा त्या सगळ्या यंत्रांतूनही ओळखू येतो. तो हात येत नसेल, तर यंत्र कशाला घुमार देणार?

आता सगळ्यात नवी करामत. एखाद्या जागेचा निनाद उचलून घरी आणता येतो! त्या जागेत एक फुगा फोडायचा आणि त्यानंतर जे काही ऐकू येतं ते विरेपर्यंत रेकॉर्ड करायचं. तो त्या जागेचा जणू अंगठ्याचा ठसा. मग संगणक कुठल्याही कोरड्या आवाजाला तो ठसा लावतो आणि आवाज त्या जागेत वाजल्यासारखा होतो. तुर्कस्तानात इस्तंबूलमध्ये हाया सोफिया ही दीड हजार वर्षांची वास्तू आहे, तिथलं शेपूट दहा सेकंदांहून लांब. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी तिथं चार फुगे फोडले आणि २०१३ साली आपल्या सभागृहात गायकांना त्या निनादात गायला लावलं. माणसं अमेरिकेत, आवाज इस्तंबूलमध्ये!

आपल्यालाही लांब जायला नको. विजापूरचा गोल घुमट, १६५६ साली पुरा झालेला, आतला व्यास सुमारे ३८ मीटर. वरच्या सज्जात एक टाळी वाजवली की ती सात-सात वेळा परत आल्याचं लोक मोजून सांगतात. तिथं हलगी वाजवायला कुणी देणार नाही आणि सहलीच्या गर्दीत टाळीही नीट ऐकू येत नाही. सकाळी दार उघडल्याबरोबर जावं. पण तुमच्या गावात काय कमी आहे? शाळेचा जिना, पुलाची कमान, गोदामातली रिकामी खोली. (विहीर आणि टाकी यांच्या काठाशी मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका.) फोन दहा पावलं लांब ठेवा, कुणाच्या हातात नको, दगडावर किंवा बाकावर. आवाज फुटत असेल तर आणखी लांब न्या. फुगा फोडून ठसा घ्या आणि जागेचं नाव घालून जपून ठेवा. आणि त्याच वाद्याचं एक रेकॉर्डिंग गोधड्यांच्या खोलीतही करून ठेवा, अगदी कोरडं. कोरड्याला पाणी घालता येतं. घुमलेल्या आवाजातून घुमणं काढून टाकणं फार अवघड. ॲपमध्ये इफेक्ट टाकून बघाल तेव्हा दर वेळी नव्या नावानं साठवा, कोरडी प्रत पुसू नका.

आमचा हलगीवाला सध्या जिन्याखालून हलत नाही. खालच्या वर्गातल्या बाईंची तक्रार आली आहे.